चक्रक आणि व्याघात : कालप्रवासाच्या चित्रपटांतील कार्यकारणभाव

कालप्रवासावर आधारलेल्या चित्रपटांकडे साहित्याचा अभ्यासक वळला की दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. पहिला असा की, या चित्रपटांची संविधानके तर्काला धरून नसतात. मुलाने आपल्याच पित्याला भूतकाळात पाठवावे आणि त्यामुळेच स्वतः जन्माला यावे, ही गोष्ट कार्यकारणभावाच्या कोणत्याही कसोटीला उतरणार नाही. दुसरा आक्षेप आशयाच्या अंगाने येतो. ज्या चित्रपटांत भूतकाळ बदलत नाही, प्रवासी जे टाळायला निघाला तेच त्याच्या हातून घडते, ते चित्रपट म्हणजे जुन्या नियतिवादाला चढवलेला यंत्रयुगाचा साज होय, असे म्हटले जाते. हे आक्षेप परस्परांपासून दूरचे वाटले, तरी त्यांच्या मुळाशी एकच गल्लत आहे. कालप्रवासाच्या कथांत उद्भवणारे दोन भिन्न जातींचे पेच एकाच नावाखाली घातले जातात. ते वेगळे केले, तर पहिला आक्षेप बराचसा गळून पडतो आणि दुसऱ्याची दिशा बदलते, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

इंग्रजीतील ‘पॅराडॉक्स’ या संज्ञेसाठी मराठीत ‘विरोधाभास’ हा शब्द रूढ आहे. अलंकारशास्त्राच्या अभ्यासकाला या शब्दाचा मूळ अर्थ ठाऊक असतो. विरोधाभास अलंकारातील विरोध खरा नसतो; तो प्रथमदर्शनी भासतो, आणि अर्थ नीट लावला की त्याचा परिहार होतो. कालप्रवासातील एका पेचाला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. दुसऱ्याला मुळीच लागू पडत नाही. नातू भूतकाळात गेला आणि आजोबांचा विवाह होण्यापूर्वीच त्याने त्यांना ठार मारले, तर पुढे काय? नातू जन्माला आलाच नाही, तर मारले कोणी? येथे ‘नातू जन्मला’ आणि ‘नातू जन्मला नाही’ ही दोन्ही विधाने एकाच जगाविषयी खरी मानावी लागतात. हा भास नव्हे. हा व्याघात आहे. फ्रेंच कादंबरीकार रने बार्जाव्हेल यांच्या, ‘अविचारी प्रवासी’ अशा अर्थाचे शीर्षक असलेल्या आणि १९४४ साली पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीत नायक १७९३ च्या तूलाँच्या वेढ्यात तरुण बोनापार्टला मारायला जातो आणि त्याच्या गोळीला त्याचाच पूर्वज बळी पडतो. हा पेच पुढे ‘आजोबांचा पेच’ म्हणून प्रसिद्ध झाला.

दुसऱ्या पेचाची जात निराळी. भविष्यातून आलेल्या व्यक्तीमुळे, वस्तूमुळे किंवा माहितीमुळे भूतकाळात अशी घटना घडते, की जिच्या परिणामी पुढे तीच व्यक्ती, वस्तू वा माहिती भूतकाळाकडे पाठवली जाते. येथे कोणतीही दोन विधाने एकमेकांना छेद देत नाहीत. प्रत्येक घटनेला तिचे कारण आहे. फक्त साऱ्या साखळीला आरंभ नाही. न्यायदर्शनाच्या परंपरेत अशा रचनांसाठी नेमकी परिभाषा उपलब्ध आहे. एखादी गोष्ट साक्षात स्वतःवरच अवलंबून असेल तर आत्माश्रय. दोन गोष्टी परस्परांवर अवलंबून असतील तर अन्योन्याश्रय. ही परतफेड तीन वा अधिक पायऱ्यांनी होत असेल तर चक्रक. आणि कारणांची मालिका मागे मागे जात कोठेच थांबत नसेल तर अनवस्था. हे अवलंबन उत्पत्तीचे असेल, स्थितीचे असेल किंवा ज्ञप्तीचे, म्हणजे ज्ञान होण्याचे असेल, असाही भेद नैयायिकांनी केला आहे. पाश्चात्त्य चर्चेत ‘कार्यकारणाचे वर्तुळ’ या एका नावाने जे ओळखले जाते, त्याचे पोटभेद पाडण्याचे काम या परिभाषेने अधिक काटेकोरपणे होते.

अर्थात नैयायिकांच्या लेखी हे सारे दोषच. मग चित्रपट सदोष ठरत नाहीत का? येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. अनवस्थेच्या बाबतीत परंपरेनेच अपवाद मान्य केला आहे. बीजापासून अंकुर आणि अंकुरापासून बीज ही मालिका अनंत असूनही तिला दोष मानत नाहीत, कारण ती अनुभवाला धरून आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी १९७६ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात अगदी वेगळ्या वाटेने जवळपास याच ठिकाणी येऊन असा मुद्दा मांडला, की वर्तुळातील प्रत्येक घटनेचे स्पष्टीकरण देता येते, संपूर्ण वर्तुळाचे देता येत नाही. पण आरंभबिंदू असलेल्या किंवा अनंत मागे जाणाऱ्या मालिकेचेही संपूर्ण स्पष्टीकरण कोठे देता येते? विश्वाच्या आरंभीच्या स्फोटाला कारण विचारले, तरी तेथेही मौनच पाळावे लागते. वर्तुळ विचित्र आहे, अशक्य नाही. आजोबांच्या पेचाविषयीही लुइस यांचे विवेचन मार्मिक आहे. त्यांच्या उदाहरणातील टिम १९२१ सालात जातो. त्याच्या हाती बंदूक आहे, नेम चांगला आहे. तो आजोबांना मारू ‘शकतो’ का? बंदूक आणि नेम एवढेच पाहिले तर शकतो. आजोबा पुढे जगले ही वस्तुस्थिती हिशेबात धरली तर शकत नाही. ‘शकणे’ या क्रियापदाचा संदर्भ मध्येच बदलला, म्हणून व्याघात दिसला. टिमचा नेम चुकेल, पाय घसरेल, किंवा ऐन वेळी त्याचे मन कच खाईल. कोणत्या तरी अगदी सामान्य कारणाने ते राहून जाईल.

पदार्थविज्ञानाने या प्रश्नात घातलेल्या भरीचा येथे केवळ निर्देश पुरेसा आहे. कुर्ट ग्योडेल यांनी १९४९ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांची अशी एक उकल दाखवली, की जीत काळाच्या बंद वाटा संभवतात. अशा वाटांवर केवळ सुसंगत घटनाच घडू शकतील, हे तत्त्व ईगोर नोविकोव यांच्या नावाने ओळखले जाते. तर निसर्ग अशा वाटा निर्माणच होऊ देत नसावा, अशी अटकळ स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये मांडली. चित्रपटांना यांपैकी कशाचीही परवानगी लागत नाही.

आता चित्रपटांकडे वळता येईल. उत्पत्तीच्या आत्माश्रयाचे सर्वांत टोकाचे उदाहरण म्हणजे स्पिअरिग बंधूंचा ‘प्रीडेस्टिनेशन’ (२०१४). रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९५९ सालच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात एकच व्यक्ती स्वतःची माताही असते आणि पिताही. रचना निर्दोष आहे. पण प्रेक्षकाच्या मनावर ठसा उमटतो तो तर्काच्या करामतीचा नव्हे, तर नायक-नायिकेच्या एकाकीपणाचा. जिला जगात दुसरे कोणीच नाही, तिचे सारे आप्त ती स्वतःच, ही कल्पना येथे अक्षरशः खरी होते. स्थितीच्या वर्तुळाचे उदाहरण ‘समव्हेअर इन टाइम’ (१९८०) या प्रेमपटात आढळते. १९७२ साली एक वृद्ध अभिनेत्री तरुण नाटककाराच्या हाती एक खिशातले घड्याळ ठेवते. तो ते घेऊन १९१२ मध्ये जातो, घड्याळ तेथे तिच्यापाशी राहते आणि साठ वर्षांनी ती ते त्याला देते. हे घड्याळ कोणत्याही कारागिराने घडवलेले नाही. येथे मात्र आक्षेपकाला एक खरी फट सापडते. साठ वर्षांत घड्याळ झिजणार. आणि वर्तुळ पूर्ण व्हायचे तर ते जसेच्या तसे परतले पाहिजे. म्हणजे वस्तूचे वर्तुळ स्वतःच्या पोटात व्याघात बाळगून असते. माहितीला झीज नसते, त्यामुळे ज्ञप्तीचे वर्तुळ अधिक निर्धोक. चित्रपटांनीही बहुधा याच प्रकाराचा आश्रय केला आहे, आणि तो केवळ सोयीपोटी नव्हे, हे पुढे दिसेल.

कथनमीमांसेच्या दृष्टीने कालप्रवासाचा चित्रपट नेमके काय करतो, हा खरा प्रश्न आहे. रशियन रूपवाद्यांपासून कथेतील घटनांचा मूळ क्रम आणि त्या सांगितल्या जाण्याचा क्रम यांत भेद केला जातो. पूर्वस्मृतीच्या प्रसंगात निवेदन मागे जाते, पात्र जात नाही. बाह्य काळ आणि प्रवाश्याचा वैयक्तिक काळ असा जो भेद लुइस करतात, तो ध्यानात घेतला तर कालप्रवासाच्या कथेत या दोहोंखेरीज तिसरा एक क्रम उपस्थित होतो, तो म्हणजे पात्राच्या स्वतःच्या आयुष्याचा क्रम. त्याचे केस पांढरे होत जातात, जखमा भरत जातात, आणि तरीही तो स्वतःच्या बालपणासमोर उभा राहतो. मराठीत ‘परवा’ हा एकच शब्द मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही दिवसांसाठी चालतो, आणि दिशा कळते ती क्रियापदाच्या काळावरून. कालप्रवासाच्या चित्रपटाची अडचण हीच, की चित्रचौकटीला क्रियापद नसते. समोर दिसणारे दृश्य कोणाचे ‘काल’ आणि कोणाचे ‘उद्या’, हे ते दृश्य स्वतः सांगू शकत नाही.

या अडचणीतूनच आपला रूपबंध घडवणारा चित्रपट म्हणजे क्रिस मार्कर यांचा ‘ला जते’ (१९६२). अवघ्या २८ मिनिटांचा हा चित्रपट जवळजवळ संपूर्णपणे स्थिरचित्रांचा आहे. श्रेयनामावलीत त्याला ‘छायाचित्र-कादंबरी’ अशा अर्थाचे नाव दिले आहे. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरील लांबट सज्जावर एक लहान मुलगा एका स्त्रीचा चेहरा पाहतो, आणि त्याच क्षणी एक माणूस कोसळून मरताना पाहतो. पुढे तिसऱ्या महायुद्धात पॅरिस उद्ध्वस्त होते, आणि वाचलेली माणसे भुयारांत बंदिवासात राहतात. प्रयोग करणाऱ्यांना भूतकाळात पाठवण्यासाठी असा कैदी हवा असतो, की ज्याच्या मनात गतकाळाची एखादी प्रतिमा घट्ट रुतून बसली आहे. त्या चेहऱ्याच्या आठवणीमुळे या माणसाची निवड होते. तो त्या स्त्रीला भेटतो, पुन्हा पुन्हा भेटतो. संग्रहालयातील पेंढा भरलेल्या प्राण्यांमध्ये दोघे हिंडतात, जणू थांबलेल्या काळाच्या दालनात. प्रयोग यशस्वी ठरल्यावर त्याला भविष्यात पाठवले जाते. मानवजात ज्या अर्थी तगली आहे, त्या अर्थी तिने आपल्याच भूतकाळाला तगण्याचे साधन नाकारणे शक्य नाही, असा युक्तिवाद तो भविष्यातील माणसांपुढे करतो. आणि गंमत अशी की, चित्रपटाचा निवेदक स्वतःच या युक्तिवादाला हेत्वाभास म्हणतो. म्हणजे वर्तुळाकार कारणाचा दोष मार्कर यांना ठाऊक आहे. तो त्यांनी झाकलेला नाही, उघड्यावर मांडला आहे. अखेरीस भविष्यातील माणसे त्याला आपल्यात सामावून घ्यायला तयार होतात. पण तो मागतो ते आपल्या बालपणीचे जग. सज्जावरून तो त्या स्त्रीकडे धावतो, तळघरापासून पाठलाग करीत आलेला मारेकरी त्याला दिसतो, आणि लहानपणी पाहिलेले ते मरण आपलेच होते, हे त्याला उमगते.

या चित्रपटात व्याघात कोठेच नाही. भूतकाळातील एकही घटना बदललेली नाही. मुलाने जे पाहिले तेच घडले. माणसाने जे केले तेच मुलाने पाहिले होते. बदलले आहे ते केवळ ज्ञान. आरंभी आणि अखेरीस घटना एकच आहे, तिचा अर्थ मात्र उलटला आहे. अॅरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या संदर्भात ज्याला अभिज्ञान म्हटले, त्याचे हे शुद्ध रूप होय. स्थिरचित्रांची योजनाही येथे केवळ काटकसर राहत नाही. छायाचित्रातील क्षण आधीच होऊन गेलेला असतो, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र वर्तमानात असतो. या निश्चल चित्रांना ‘तेव्हा’ आणि ‘आता’ बहाल करतो तो निवेदकाचा आवाज. संपूर्ण चित्रपटात एकदाच, काही क्षणांपुरते, चित्र हलते. निजलेली स्त्री डोळे उघडून पाहते. वर्तुळात अडकलेल्या आयुष्यात एवढाच एक क्षण असा, की जो कोणाची आठवण नाही, जो त्याच वेळी घडत आहे.

आता नियतिवादाच्या आक्षेपाकडे. कंसाच्या कथेत आकाशवाणी झाली नसती, तर देवकी बंदिवासात गेली नसती आणि कृष्ण गोकुळात वाढला नसता. सोफोक्लीजच्या नाटकात देववाणी ऐकूनच पिता नवजात मुलाचा त्याग करतो, आणि म्हणूनच तो मुलगा पुढे आईबापांना ओळखत नाही. दोन्ही कथांत भविष्याचे ज्ञान हे त्या भविष्याच्या कारणांपैकी एक आहे. म्हणजे ही ज्ञप्तीची वर्तुळेच, यंत्राविना झालेली. पण तेथे ज्ञान वरून, देवाकडून येते, आणि ते देणारी शक्ती वर्तुळाबाहेर राहते. कालप्रवासाच्या चित्रपटात अशी बाहेरची शक्ती नसते. ज्ञान माणसाकडूनच माणसाला मिळते, बहुधा अर्धवट मिळते, आणि वर्तुळ पुरे होते ते पात्रांच्या स्वतःच्या इच्छांमुळे. ‘ला जते’मधील माणसाला कोणी सज्जावर ढकललेले नाही. भविष्यातील सुरक्षित आयुष्य त्याच्यापुढे होते. ते नाकारून तो तेथे आला. त्याला नियती म्हणायचे, तर त्याच्या ओढीलाच नियती म्हणावे लागेल, आणि मग त्या शब्दाचा अर्थच पालटतो.

नाचो विगालोंदो यांचा स्पॅनिश चित्रपट ‘टाइमक्राइम्स’ (२००७) हा मुद्दा अत्यंत साध्या, जवळजवळ घरगुती सामग्रीतून मांडतो. एक्तोर नावाचा मध्यमवयीन गृहस्थ दुर्बिणीतून झाडीत एका विवस्त्र होत असलेल्या तरुणीला पाहतो, कुतूहलाने तेथे जातो, आणि चेहऱ्याभोवती पट्टी गुंडाळलेला एक माणूस त्याच्यावर कात्रीने वार करतो. पळता पळता तो एका प्रयोगशाळेत पोचतो, यंत्रात लपतो आणि तासाभराने मागे जातो. पट्टीवाला माणूस आपणच होणार आहोत, हे त्याला लवकरच कळते. येथून पुढे तो जे करतो ते कोणत्याही अदृश्य शक्तीच्या दडपणाखाली नाही. जे पाहिले ते तसेच घडले नाही तर आपले घर, आपली पत्नी हातची जाईल या भयाने तो त्या तरुणीला झाडीत नेतो, तिला कपडे उतरवायला लावतो. वर्तुळाची सबब पुढे करून सज्जन गृहस्थ क्रूर होत जातो. चित्रपटाची नैतिक धार नेमकी येथे आहे. ‘हे असेच घडणार होते’ हे वाक्य येथे कारण म्हणून येत नाही, निमित्त म्हणून येते.

भूतकाळ बदलू देणारे चित्रपट याच्या अगदी उलट प्रकृतीचे. त्यांतील अग्रगण्य असा रॉबर्ट झेमेकिस यांचा ‘बॅक टू द फ्यूचर’ (१९८५) हा तर्काच्या दृष्टीने सरळसरळ व्याघातावर उभा आहे. १९८५ मधला मार्टी १९५५ मध्ये जातो, त्याची भावी आई त्याच्याच प्रेमात पडते, आणि आता आईवडिलांचे जुळले नाही तर तो जन्मालाच येणार नाही. त्याच्या जवळच्या छायाचित्रातून भावंडे हळूहळू पुसट होत जातात. तर्क म्हणेल की, एक तर ती आहेत किंवा नाहीत. पुसट होणे म्हणजे काय? पण सुखात्मिकेला हा मध्यला अवकाशच हवा असतो. संकट गहिरे होत जावे, पण वेळ हातात असावा, आणि अखेर जोडपे जुळावे, घराची भरभराट व्हावी, हा तिचा जुना साचा. विशेष असे की, या बदलत्या जगातही एक निखळ वर्तुळ विनोद म्हणून येऊन जाते. मार्टी शाळेच्या नृत्यसमारंभात ‘जॉनी बी. गुड’ वाजवतो, आणि वादकांपैकी एक जण आपला भाऊ चक बेरी याला दूरध्वनीवरून ते ऐकवतो. बेरी यांचे हे गाणे प्रत्यक्षात १९५८ चे. चित्रपटाच्या जगात ते गाणे मग रचले कोणी? एका कृष्णवर्णीय संगीतकाराचे कर्तृत्व एका गोऱ्या पोराच्या पदरात सहज पडते, ही या विनोदाची दुसरी, कडवट बाजू आहे. कर्ताहीन ज्ञानाचे वर्तुळ दिसते तितके निरुपद्रवी नसते.

व्याघातातून सुटण्याची तिसरीही एक वाट आहे, आणि मराठी वाचकाला ती जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेमुळे परिचित आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात, की जेथे १७६१ च्या लढाईत विश्वासराव बचावले आणि मराठे विजयी झाले. हा भूतकाळाचा प्रवास नव्हे. इतिहासाला फुटलेल्या दुसऱ्या फांदीवर टाकलेले पाऊल आहे. फांद्या दोन मानल्या की दोन विरोधी विधाने दोन वेगवेगळ्या जगांविषयी होतात, आणि व्याघात उरत नाही. बखरीचे फाडलेले पान पुरावा म्हणून गंगाधरपंतांबरोबर परत येते. ते पान परके आहे, स्वतःला जन्म देणारे नाही. या वाटेची किंमत मात्र मोजावी लागते. फांद्या वेगळ्या असल्या तर एका जगात केलेली चूक दुसऱ्या जगात दुरुस्त होत नाही. दुसरे जग केवळ पाहून यायचे असते. नारळीकरांच्या कथेला इतिहासाविषयीचे कुतूहल जागवायचे असल्याने ती किंमत तिला जड जात नाही.

जेम्स कॅमेरॉन यांचे दोन चित्रपट शेजारी ठेवले की वर्तुळ आणि बदल यांतील ओढाताण एकाच कथेत पाहता येते. ‘द टर्मिनेटर’ (१९८४) हे सुसंगत चक्रक आहे. २०२९ मधील युद्धात जॉन कॉनर आपली आई सारा हिच्या रक्षणासाठी काइल रीस याला १९८४ मध्ये पाठवतो, आणि काइलच जॉनचा पिता होतो. यंत्रांनी मारेकरी पाठवला नसता, तर त्यांचा शत्रू जन्मलाच नसता. पण वर्तुळाचा खरा सांधा आहे तो एका छायाचित्रात. जॉनने दिलेले साराचे छायाचित्र काइल युद्धात जवळ बाळगतो. ते टिपले गेले तेव्हा ती कशाचा विचार करीत असेल, असे त्याला नेहमी वाटत आलेले असते. चित्रपटाच्या अखेरीस मेक्सिकोतील एका पेट्रोलपंपावर एक मुलगा गरोदर साराचे छायाचित्र टिपतो. त्या क्षणी ती मेलेल्या काइलविषयी बोलत असते. त्याच्या प्रेमाचे कारण ते छायाचित्र, आणि छायाचित्रातील उदासीचे कारण त्याचे प्रेम.

‘टर्मिनेटर २’ (१९९१) मध्ये हे वर्तुळ तोडण्याचा प्रयत्न होतो. पहिल्या मारेकऱ्याच्या अवशेषांतील चिपवरूनच संशोधकांनी ते घातक तंत्रज्ञान विकसित केले, हे कळल्यावर ती चिप नष्ट केली जाते. ज्ञप्तीचे वर्तुळ तुटते. पण मग युद्ध होणार नाही, काइल येणार नाही, आणि जॉन? चित्रपट या प्रश्नाकडे पाठ फिरवतो. शांततामय भविष्यातील वृद्ध साराचे एक दृश्य चित्रित झाले होते. ते वगळून कॅमेरॉन यांनी रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर चित्रपट संपवला. हा निर्णय योग्यच म्हणावा लागतो. पहिल्या चित्रपटाने जे भावनिक भांडवल जमवले ते वर्तुळाच्या अटळपणातून, आणि दुसऱ्याला ते आशेच्या बाजूने खर्चायचे होते. सुखान्ताचे स्पष्ट दृश्य आले असते, तर व्याघात उघडा पडला असता. अंधारा रस्ता तो झाकून ठेवतो. २००३ मध्ये दुसऱ्या दिग्दर्शकाने केलेल्या तिसऱ्या भागाने युद्ध केवळ लांबले होते असे सांगून हिशेब मिटवला, आणि दुसऱ्या भागाचे मोल कमी केले.

‘ला जते’पासून प्रेरणा घेऊन टेरी गिलियम यांनी केलेला ‘ट्वेल्व्ह मंकीज’ (१९९५) या दोहोंपेक्षा अधिक प्रामाणिक आहे. भविष्यातून येणाऱ्या जेम्स कोल याला महामारी थांबवायची नाहीच. ती झालेली आहे, पाच अब्ज माणसे मेलेली आहेत. त्याला फक्त विषाणूचा मूळ नमुना मिळवण्यासाठी माहिती आणायची आहे. भूतकाळ बदलण्याची आशा येथे शास्त्रज्ञांना नाही. ती निर्माण होते कोल प्रेमात पडल्यावर. मानसोपचारतज्ज्ञ कॅथरीन रेली दूरध्वनीवर एक संदेश ठेवते, आणि तिने काय म्हटले ते कोल शब्दशः म्हणून दाखवतो, कारण भविष्यात तो संदेश त्याने आधीच ऐकलेला असतो. तिचा स्वतःच्या समजुतीवरचा आणि त्याच्यावरचा अविश्वास त्या क्षणी एकदम गळून पडतो. दोघे चित्रपटगृहात लपलेले असताना पडद्यावर हिचकॉक यांचा ‘व्हर्टिगो’ (१९५८) चालू असतो. मार्कर यांनीही सेक्वोयाच्या खोडाच्या प्रसंगात त्याच चित्रपटाला अभिवादन केले होते. हरवलेल्या स्त्रीला दुसऱ्यांदा घडवू पाहणाऱ्या पुरुषाची ती कथा, आणि तिच्यात कालयंत्राचा मागमूस नाही.

बालपणीच्या विमानतळाचे स्वप्न कोलला वारंवार पडते, आणि त्या स्वप्नाचे तपशील दर वेळी थोडे बदलतात. घटना स्थिर, स्मृती अस्थिर, हा मार्कर यांच्या रचनेत गिलियम यांनी केलेला महत्त्वाचा पालट. दुसरा पालट शेवटच्या प्रसंगात आहे. ‘ला जते’त मरणारा माणूस एकटा उमजतो आणि तेथेच कथा थांबते. ‘ट्वेल्व्ह मंकीज’मध्ये कोल कोसळल्यावर कॅथरीन त्याच्याजवळ बसून गर्दीत नजर फिरवते. तो मुलगा येथेच कोठे तरी असणार, हे तिला ठाऊक आहे. मुलगा तिला दिसतो, आणि रडत असतानाच ती त्याच्याकडे पाहून किंचित हसते. तिने असे पाहिले नसते, तर तो चेहरा त्याच्या आठवणीत राहिला असता की नाही, कोण जाणे. आणि तो राहिला नसता, तर पुढे तिला शोधत कोणी आलेच नसते. मुलाला यातले काहीच कळत नाही. आईवडिलांबरोबर तो वाहनतळाकडे जातो आणि डोक्यावरून उडून जाणारे विमान पाहत राहतो.